हरायला थांबणारा माणूस

सर, आपली बेसबॉलची टीम आज परत हरली. सात इनिंग पुढे होती. आठव्यात नव्या पिचरने खराब बॉल टाकून टाकून तिघांना फुकट बेसवर नेऊन बसवलं आणि मग एकाच फटक्यात चार रन दिले. तिकडे अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ, इथे सिंगापुरात रविवारची सकाळ. आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफीच्या ग्लासाला फोन टेकवून मी बघत होतो. माझ्या खोलीतला एक तमिळ गडी रविवारी माझ्याबरोबर येतो. त्याला क्रिकेट सोडून काही कळत नाही. तो म्हणतो, "मच्चान, ये क्या खेल है? तीन घंटे में दस बार दौड़ता है, बाकी टाइम थूकता है." मी म्हणालो, "तू इडली खा." टीम हरली तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "तेरे गाँव का टीम है क्या?" मी हो म्हणालो. आता त्याला काय सांगणार?

आपली म्हणजे तीच, तुमच्या जर्सीवाली. शनिवारच्या बाजारात अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांचा ढीग लागायचा, त्यातून तुम्ही ती उपसून काढली होती. खांद्यावर डाग होता, छातीवर शहराचं नाव. काकू म्हणाल्या, "कोणा मेलेल्याचं असेल, घरात आणू नका." तुम्ही ती दोनदा उकळत्या पाण्यातून काढली आणि रविवारी घालून मैदानावर आलात. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात आम्ही ते गाव शोधलं, सापडलं नाही. तरी तेव्हापासून ती आपली टीम. ती कशी खेळते, जिंकते का हरते, काही माहीत नव्हतं. तुम्ही बिनधास्त ठोकून द्यायचात, "आपले तिकडे पहिल्या नंबरला आहेत." इथे आल्यावर पहिला फोन घेतला तेव्हा मी ते नाव टाकून शोधलं. ही टीम खरी आहे हे तेव्हा कळलं, आणि खरंच हरते हेही. सर, तुम्ही जिवंत असतानासुद्धा ती शेवटून दुसरीच होती.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी टीम नव्याने बांधायला घेतली. म्हणजे चांगले होते ते सगळे विकले. दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप विकला, ज्याच्या नावाच्या जर्सी घालून पोरं यायची. मोठा पिचर विकला. बदल्यात आणली वीस-एकवीस वर्षांची पोरं, ज्यांची नावं कोणी ऐकली नव्हती. लोकांनी शिव्या घातल्या, मैदान अर्धं रिकामं राहायला लागलं. मीसुद्धा शिव्या घातल्या, आपल्या मराठीत. पण आता रोज बघून बघून माझं मत बदललंय. दुसऱ्या बेसवरचा पोरगा हिरा आहे. फक्त बाहेरच्या बॉलला हात घालतो, ते सुटलं की बघा. दोन पिचर असे आहेत की त्यांचा बॉल दिसत नाही. अडचण शेवटच्या दोन इनिंगला आहे, तिथे आणायला माणूसच नाही. आणि कॅचर कच्चा आहे. बॉल यायच्या आधीच उठतो, घाबरट कोंबडीसारखा. तुम्ही त्याला पाठीवर वीट ठेवून बसवला असता. दोन वर्षं द्या सर, ही टीम वर येणार. लिहून देतो.

हे सगळं मी ताईलाही फोनवर सांगतो. ताई, तुमची मुलगी, आता आपल्याच शाळेत मराठी शिकवते आणि तुमची शाळेची टीमही तीच सांभाळते, कारण दुसरं कोणी हात लावायला तयार नाही. गेली तीन वर्षं पोरं तालुक्यातूनच परत येतात. फटका मारला की बॅट हातात धरून पळतात, क्रिकेटसारखी. नव्या हेडमास्तरांनी सांगून टाकलंय की जूनपर्यंत शिकवणारा माणूस आणा, नाही तर सामान कपाटात आणि मैदान क्रिकेटच्या क्लासला. ताईने मला टीमची यादी पाठवली, मी इथून कारभार करायला लागलो. वन-नॉर्थला एका मोठ्या काचेच्या इमारतीत आमचं काम चाललंय, एसीची पत्र्याची डक्ट टाकायचं. जेवणाच्या सुट्टीत मी छताखाली पुठ्ठ्यावर आडवा पडून ताईला मेसेज करतो. दहावीचे पाचही जण काढ. सहावी-सातवीतली नऊ पोरं घे. दोन वर्षं हरू दे, तिसऱ्या वर्षी बघ. तिने लिहिलं, "दहावीची पोरं रडतील रे. बाबांनी कोणाला असं काढलं नव्हतं." मी लिहिलं, "मला काढलं होतं."

तिला माहीतच नव्हतं. तुम्ही घरी सांगितलं नव्हतं म्हणजे.

मला तो दिवस अजून नीट दिसतो. सकाळचे सात वाजलेत, मैदानावर गिरणीचा कापूस उडून आलाय, मी मास्क लावून प्लेटमागे कॅचरच्या जागी बसलोय. तुम्ही येता आणि म्हणता, "ऊठ. आजपासून तू उजवीकडे, लांब." उजवीकडे लांब, जिथे आठवड्यातून एक बॉल यायचा. माझ्या जागेवर तुम्ही सातवीतलं एक पोर बसवलंत, ज्याला मास्क नाकाखाली यायचा. मी नववीत नापास झालेलो, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हतो, हे मलाही कळत होतं. पण तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. म्हणालात, "आणि याला तू शिकवायचं. तुला जे येतं ते सगळं." मी म्हणालो, "मी असताना तो कशाला?" तुम्ही म्हणालात, "तू असताना नाही बाळा, तू नसताना. मी त्या दिवसाची टीम बांधतोय." मी मास्क जमिनीवर आपटला आणि निघालो. शाळेतही गेलो नाही त्यानंतर. तुम्हाला वाटलं असेल चार दिवसांनी येईल. मलाही तसंच वाटलं होतं.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्या दुपारी मी त्या एका सकाळपायी विसरायला बघत होतो. प्रॅक्टिस झाली की काकू आम्हाला कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायच्या, आणि तुम्ही फरशीवर वाट्या मांडून मैदान करायचात. पिचर म्हणजे मिठाची बरणी. मी कायम पोळपाट, प्लेटमागे. एकदा आमदारांच्या गाडीसारखं तुमचं लाटणं पहिल्या बेसवरून दुसऱ्या बेसवर निघालेलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तो सेकंड बेस इकडे द्या आधी, मला वरण वाढायचंय." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. हसता हसताच तुम्ही मला एक विचारलं होतं, "सगळ्यांची तोंडं एकीकडे आणि एकट्याचं तोंड त्यांच्याकडे, असा मैदानात कोण असतो?" मी म्हणालो, कॅचर. "मग त्यालाच सगळं दिसतं. म्हणून त्याने चिडायचं नसतं." मी चिडलो सर. पहिल्याच दिवशी चिडलो.

मग भुसावळ रोडच्या कूलरच्या कारखान्यात लागलो. उन्हाळ्याचं तोंड होतं, दिवसाला चाळीस पत्रे कापायचे. पत्र्याचं काम माझ्या हाताला आलं ते तिथेच. तेच आज इथे पोट भरतंय. दीड महिन्याने तुम्ही आलात. सायकल भिंतीला लावली, शेठकडे गेलात. मी मागे पत्रा वाकवत होतो, कान तुमच्याकडे. शेठने हाक मारली, "काय रे भो, तुझे सर आलेत, ये इकडे." मी हात पुसत आलो. तुमच्या हातात जुना मास्क होता आणि वहीच्या कागदावर एक माप. तुम्ही म्हणालात, "कूलरच्या जाळीच्या तारेचा याच्यापेक्षा लहान मास्क होईल का?" माप त्या पोराच्या तोंडाचं होतं.

मी केला. दोन दिवस लावले त्याला. जाड तार घेतली, एकेक सांधा घासून गुळगुळीत केला, हनुवटीला जुन्या ट्यूबचं रबर लावलं. त्या पोराचा राग यायचा आणि हात तरी चांगलंच काम करायचे, याचाही राग यायचा. तुम्ही न्यायला आलात. मास्क तोंडाला लावून छताकडे बघितलंत. मी समोर उभा. मला वाटत होतं, आता म्हणतील, चल परत. तुम्ही म्हणालात, "वरची तार थोडी वाकव. त्याला वर बघता आलं पाहिजे." मी तार वाकवली. तुम्ही शेठशी पैशावरून भांडलात, तो घेईना, तुम्ही ठेवून निघालात. सायकलवर बसताना वळून म्हणालात, "काम सुबक आहे." बास. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. कोणाला तरी वाटलं असेल मी मुद्दाम अंत्यविधीला आलो नाही. मी तेव्हा सुरतेत होतो, मला आठ दिवसांनी कळलं.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्याच पोरांनी विभागाची स्पर्धा जिंकली. मी नाशिकला एका साइटवर होतो. रंगाचे थेंब पडू नयेत म्हणून फरशीवर पेपर अंथरले होते, त्यात फोटो दिसला. मधोमध तो कॅचर, काखेत मास्क. माझ्या हातचा. मी तो पेपर उचलला नाही. उचलायला हवा होता. त्याच्यावर शिडी लावली आणि वर चढलो.

या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा मॅच नुकतीच संपली होती. मी तिला तावातावाने सांगत होतो, लहान पोरांना घे, आधी बॅट टाकून पळायला शिकव, हरण्याची काळजी करू नको. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझं सगळं पटतंय रे मला. पण ही दोन वर्षं मैदानावर उभं कोण राहणार? मला तर कॅचर खाली का बसतो तेसुद्धा कळत नाही."

"शीक ना. मी व्हिडिओ पाठवतो."

"व्हिडिओ नको. तू ये. तुझं परमिट मे महिन्यात संपतंय म्हणालास ना? मानधन थोडं आहे, पण वर्कशॉपचं काम बघता बघता सकाळ-संध्याकाळ येशील. पोरं विचारतात, सिंगापूरवाले दादा कधी येणार."

"मला दहावीसुद्धा नाही ताई."

"बाबा तरी कुठे बेसबॉल शिकून आले होते? एक पुस्तक आणि ती मेलेल्याची जर्सी."

मी म्हणालो, "विचार करतो." ती म्हणाली, "कर. पण जूनच्या आत कर."

फोन ठेवल्यावर तमिळ गड्याने विचारलं, "शादी का बात?" मी म्हणालो, त्याहून अवघड. आम्ही उठलो. इमारतींच्या ब्लॉकखालून चालत एमआरटीला, इथल्या मेट्रोला, जाताना मी हिशोब करत होतो. टीम विकता येते, पोरं आणता येतात, चुका सुधारता येतात. पण त्या अमेरिकेतल्या टीमचा एक म्हातारा कोच आहे सर, तो कायम कठड्याला टेकून उभा दिसतो. तीन वर्षं रोज हरताना बघितलंय मी त्याला. हरल्यावर आत पळत नाही. पोरं आत जाईपर्यंत तिथेच असतो. माझ्या शहाणपणात तो माणूस कुठेच नाही. तुम्ही अकरा वर्षं ती टीम चालवलीत आणि जिंकलेली एकदाही बघितली नाहीत. मी एका कामावर दुसरा उन्हाळा काढलेला नाही. भुसावळ, सुरत, नाशिक, मुंबई, इथे. इथेसुद्धा तीन कंपन्या झाल्या. जिथे जागा हातची जाईल असं वाटतं तिथून मी आधीच निघतो. तुम्ही उजवीकडे लांब पाठवलंत तेव्हा लागलेली खोड आहे ही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण पाठवलं होतं तुम्ही, निघालो मी.

आणि आता खरं ते सांगतो. ताईला मी विचार करतो म्हणालो, पण विचार करायला काही उरलेलं नव्हतं. शुक्रवारीच सुपरवायझर परमिट वाढवायचा कागद घेऊन चौथ्या मजल्यावर आला होता. मी शिडीवर. त्याने खालून पेन वर धरलं, "साइन ऑर डोन्ट साइन? टू इयर्स ओन्ली लाह. थिंक सो लाँग फॉर व्हॉट?" मी शिडीवरूनच वाकून, डक्टच्या पत्र्यावर कागद ठेवून सही केली. दोन वर्षं. जेवढी मी तिला हरायला सांगितली तेवढीच.

संध्याकाळपासून तिला हे लिहायला तीनदा फोन हातात घेतला आणि ही वही पुढे ओढली. तुम्हाला सांगणं सोपं पडतं सर, तुम्ही उलट फोन करणार नाही.