विस्तव वरून पेटवायचा

बाबा,

आमच्या घरात हल्ली रोज संध्याकाळी लाकडं जळतात, आणि ती पेटवायचं काम माझ्याकडे आलंय. सांगायचं म्हटलं तर एवढंच आहे. पण एवढंच लिहून थांबायला मी काही तार करत नाहीये, आणि माझं लांबण तुम्ही नेहमीच ऐकून घेतलंत. तुम्हाला अग्नी मी दिला नाही. मला द्यायचा होता, देऊ दिला नाही. इतकी वर्षं हे मी कुणाशी बोलले नाही, कारण बोलून काय होणार होतं? जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि मी परत येऊन ऑफिसला जायलाही लागले होते. पण आता रोज काडेपेटी हातात येते आणि रोज तीच गोष्ट वर येते.

फ्रँकफर्टजवळ बाड हॉम्बुर्गच्या मागे डोंगराला लागून एक गाव आहे, तिथे आम्ही जुनं घर घेतलं. भिंती जाड, खिडक्या मोठ्या, आणि थंडी अशी की न्हाणीघरातलं खोबरेल तेल ऑक्टोबरातच गोठून बसतं. आधी सगळं गॅसवर चालायचं. मग तिकडे युद्ध सुरू झालं आणि गॅसचा अबश्लाग, म्हणजे दर महिन्याचा आगाऊ हप्ता, असा वाढला की कागद हातात घेऊन आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसलो. पुढे तुमच्या जावयांच्या कारखान्यातही काम कमी झालं. मोटारींचे भाग घेणारे कमी झाले, म्हणून आठवड्यातले काही दिवस घरी आणि पगार तसाच कापलेला. बैठकीच्या खोलीत आधीच्या मालकांची काचेच्या दाराची लोखंडी शेगडी होती. तिला इथे ओफन म्हणतात. आम्ही तिच्यावर कुंड्या ठेवायचो. त्या उतरवल्या, जंगल खात्याकडून बीच नावाच्या झाडाची लाकडं मागवली, आणि कुंपणाकडेला रचून वर पत्रा टाकला. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, तिन्हीसांजेला लाकडं काय म्हणतेस? जळण म्हण." मी त्या शेगडीला बंब म्हणते. तुमचे जावई हसतात. म्हणतात, बंब म्हणतेस, मग पाणी कुठंय त्यात?

पाणी नाहीये, पण बंब म्हटलं की तुम्ही दिसता. साताऱ्याच्या घराचं मागचं अंगण, पायात आईच्या सपाता, कानाला मफलर, आणि तुम्ही बंबापुढे उकिडवे बसलेले. बँकेतले सगळे साहेब गिझर घेत होते तेव्हा तुम्ही म्हणायचात, "गिझर म्हणजे भिंतीला टांगलेलं वीजबिल." करवंट्या, सुताराकडचा भुसा, किराणा दुकानातल्या खोक्यांच्या फळ्या, असलं काय काय सायकलला बांधून आणायचात आणि आई नाक मुरडायची. नरक चतुर्दशीला बंबाला झेंडूची माळ घालून हळदीकुंकू लावायचात आणि आम्हाला हाका मारायचात. मी एकदा हट्टाने बंब पेटवायला बसले. दिसेल ते आत कोंबलं, तीन-चार काड्या फुकट घालवल्या, आणि सगळं अंगण धुराने भरून टाकलं. तुम्ही ओरडलात, "अगं, ठासून भरलंस तर पेटेल कसं? जरा मोकळं ठेव की!" आत्या आतून म्हणाली, पोरीच्या जातीला कशाला हवेत हे उद्योग. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. "विस्तव काय मुलगा-मुलगी बघून पेटतो का?" म्हणालात, आणि काडेपेटी पुन्हा माझ्या हातात दिलीत. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी बंब माझा झाला. मला त्याचा केवढा तोरा होता, ते शेजारच्या सगळ्या मुलींना विचारा.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रँकफर्टला ऑफिसात होते. मिळेल ते विमान धरून आले. तुम्हाला माझ्यासाठी बर्फावर ठेवलं होतं, त्याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे आणि ते मनापासून लिहितेय. अंगणात मडकं तयार होतं. गुरुजींनी विचारलं, "अग्नी कोण देणार?" मी म्हणाले, "मी देते." कुणी रागावलं असतं तर मी भांडले असते, बाबा. माझी तयारी होती. पण काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू किती लांबून आलीयस बाळा, उभं राहवत नाहीये तुला. आणि आपल्यात मुली जात नाहीत गं." आई भिंतीला टेकून बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "आज वाद नको." इतक्या मायेने बोललेल्या माणसांशी कसं भांडायचं हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं. मडकं चुलतभावाने उचललं. मी फाटकापर्यंत आले, आणि तुम्ही वळणावर दिसेनासे झालात. मग बायकांनी घर धुवायला काढलं, त्यांच्याबरोबर मीही पाणी ओतत राहिले. चुलतभाऊ परत आल्यावर माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, गुरुजींनी डोक्याकडून अग्नी द्यायला लावला. माझे हात थांबत नव्हते गं." बिचारा माझ्यापेक्षा लहान. त्याच्यावर माझा राग नव्हता. पण ते थरथरणं माझं होतं, ते त्याला का दिलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

तर इथली गोष्ट. पहिल्या दिवशी मी तुमच्यासारखं खालून पेटवलं. खाली कागद, वर ढलप्या, त्याच्यावर ओंडके. पेटलं, पण काच काळी झाली आणि धुराड्यातून असा धूर निघाला की पलीकडच्या आजींनी वाळत घातलेले कपडे आत नेले. तुमच्या जावयांनी शेगडीबरोबरची पुस्तिका काढली. इंजिनियर माणूस, त्यांना असलं वाचायला मनापासून आवडतं. "आल्झो, म्हणजे बघ, आपण सगळं उलटं करतोय. जाड ओंडके खाली, बारीक आडवे वर, ढलप्या सगळ्यात वर, आणि वरून पेटवायचं. म्हणजे धूर ज्वाळेतूनच जातो, तिथेच जळून जातो. लाकूडही कमी लागतं. गेनाऊ, अगदी असंच." बोलता बोलता त्यांनी ते तसं रचलंसुद्धा, अगदी नीट, एकावर एक आडवं-उभं. काडी ओढली. आणि ती बोटापर्यंत जळत आली तरी हात काही पुढे जाईना. काडी विझवून ते उठले. म्हणाले, "खालूनच पेटवू. हे असं रचलेलं, आणि वरच्या टोकाला... मी एकदा केलंय गं. माझ्याच्याने पुन्हा नाही व्हायचं." त्यांनी त्यांच्या बाबांना अग्नी दिला होता. मी ओंडके उपसले आणि पुन्हा खालून पेटवलं. अख्खा हिवाळा आम्ही असे जुन्या पद्धतीने धूर काढत राहिलो.

मग धुराडं साफ करणारा आला. काळे कपडे, डोक्यावर उंच टोपी. इथे तो दारात दिसला तरी लोक शुभ मानतात, पण आमच्याकडे त्याने पहिल्यांदा काच पाहिली, मग धुराड्यात ब्रश घातला, आणि त्याचं तोंडच पडलं. बादली भरून काजळी निघाली. एवढ्या काजळीने एक दिवस धुराडंच पेट घेईल, म्हणाला. "इमर फॉन ओबन," वरून, नेहमी वरून, असं बोट वर करून त्याने आम्हाला शाळेतल्या मुलांसारखं दोनदा सांगितलं. पुढच्या फेरीतही हेच दिसलं तर शेगडी बंद करावी लागेल. बंद म्हणजे पुन्हा गॅस, आणि अर्ध्या पगारात तो परवडणार नव्हता. तो गेल्यावर तुमचे जावई बराच वेळ हात धूत राहिले. मी म्हणाले, "मी पेटवते." ते म्हणाले, "तुला चालेल?" त्यांना कुठे माहीत होतं.

शनिवार होता, बाहेर अंधारून येत होतं. मी रचायला बसले. जाड ओंडके खाली, मधे हवा खेळेल इतकी जागा, वर बारीक, त्यावर ढलप्या. ते मागचं दार उघडून बाहेर जाऊन उभे राहिले. काडी ओढली आणि मला कळेना की वरचं टोक कुठलं, कारण ढीग सगळीकडून सारखाच दिसत होता. मग मीच ठरवलं. ही बाजू डोक्याची. तिकडून लावलं. माझे हात थरथरत होते, बाबा, आणि मला त्याचं समाधान वाटलं, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. ज्वाळ वरून हळूहळू खाली उतरत गेली. आवाज नाही, फुंकणं नाही. मी मंत्र म्हणाले नाही, मला येतही नाहीत. नुसतं "बाबा, या आता" असं म्हणाले, आणि मग फाटकापाशी जे रडायचं राहिलं होतं ते रडले. ते आत आले तेव्हा मी पदराने, म्हणजे स्वेटरच्या बाहीने, डोळे पुसत होते. म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "धूर गेला डोळ्यात." त्यांनी काचेकडे पाहिलं. काच लख्ख होती, खोलीत धुराची रेघसुद्धा नव्हती. "हो," ते म्हणाले, "आज जरा जास्तच झालाय," आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

हे पत्र लिहून झालं की त्याचं काय करायचं हे मला माहीत नाही. कोपऱ्यावर टपालाची पिवळी पेटी आहे, पण पत्ता काय घालणार? शेगडीत टाकावं हा विचार आलाच, पण शेगडीत कागद जाळायला इथे मनाई आहे हे आता कळलंय, आणि धुराडंवाल्याची मर्जी आत्ता कुठे बसलीय. राहील कुठल्या तरी पुस्तकात. आता शेगडी बंद व्हायची भीती नाही, घर उबदार असतं, संध्याकाळी मी ऑफिसातून आले की कोट काढायच्या आधी तिच्यापुढे बसते. सगळ्यांना वाटतं, मी नवऱ्याचं दुःख ओळखून हे काम अंगावर घेतलं. सासूबाई तर फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगतात की सून कशी समजूतदार आहे. परवा तुमचे जावई मागून येऊन म्हणाले, "आज मी बघू का पेटवून? आता जमेल असं वाटतंय." केवढं बळ एकवटून विचारलं असेल त्यांनी. मी काडेपेटी मुठीत घट्ट धरली आणि म्हणाले, "राहू दे, तुझे हात ओले आहेत."

त्यांचे हात कोरडे होते, बाबा.