दोन लिव्ह, बाई

सिद्धूदादा,

तुमच्या आई, भामाबाई, सांगलीला आमच्या दवाखान्यात कॅन्सरच्या नव्या औषधाच्या अभ्यासात होत्या, तेव्हा मी संशोधन शिकणारी नवी डॉक्टर होते. दर भेटीला विचारायचे, "शून्य ते दहात दुखणं किती?"

"दोन लिव्ह, बाई."

मी दोन लिहायचे. उठताना त्या भिंत धरायच्या, ते मला दिसायचं. पण फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, "पहिल्यापास्नं लय दुखतंय गं. सांगितलं तर नाव कापतील, म्हून बोलले न्हाई."

दुखतंय म्हणून अभ्यासातून नाव कुणीच कापणार नव्हतं. हे पहिल्याच दिवशी नीट समजावणं माझं काम होतं. दुखण्याचं औषध त्या दिवशी दिलं, पण त्या पुढं आठवडाच जगल्या.

नंतर तुम्ही विचारलंत, "मॅडम, आईला लय तरास झाला का वो?" मी दोनच्या आकड्यांचा तो फॉर्म पुढे केला आणि "नाही" म्हणाले.

आता नव्या डॉक्टरांना मी शिकवते. फॉर्म भरण्याआधी पेशंटशी बोला, असं सांगते. का, ते सांगत नाही.

तुमच्या गावचा एक पेशंट काल म्हणाला, "सिद्धू सांगतो, आई सुखानं गेली." म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही.

तुमची अपराधी,
तरन्नुम