भरल्या टँकरखालचा बोल्ट

मंगळवार, दिवेलागणीला

साखर कारखान्यानं गावाला दिलेला पाण्याचा टँकर विहिरीपाशी पोचायच्या आधीच चाकावरचा कमानपाटा, म्हंजे स्प्रिंग, तुटून बसला. जॅक लावून मी खाली शिरलो, तर तो पाटा धरणाऱ्या बोल्टाचं डोकं झिजून पार गोल! पाना धरंना. छन्नीवर घाव घातला की वर पाणी डुचमळायचं अन् जॅक करकरायचा.

ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, टाकी रिकामी करतो."

घागरी घेऊन उभ्या बायांतून एकजण ओरडली, "पाणी सोडायचं न्हाई!"

पुन्हा घाव, पुन्हा ती करकर. सुटला एकदाचा.

ओरडली ती माझी बायको. खाली मी हाय, हे तिला ठाऊक होतं. मी वर असतो तर काय बोललो असतो?

आत्ता तिनं तांब्या भरून पुढं ठेवलाय. लई तहान लागलीय, अन् हात पुढं होईना.