जुना घुमारा, नवा घुमारा

१४ नोव्हेंबर, सकाळ

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे जिना दिसला की कुरकुरतात, पण त्यांचं मी ऐकत नाही. तुझा खोकला गेला का? तुझी आई तुला गरम पाणी प्यायला लावते ना? फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस, मग मी हवापाण्याच्या गप्पा मारते आणि ठेवल्यावर स्वतःवरच चिडते. त्यापेक्षा पत्र बरं. पत्राला मध्येच "ठेवते हं आई" म्हणता येत नाही.

हे पत्र तुझ्या कॉम्प्युटरच्या खोक्यात अगदी वर ठेवते आहे. कॉम्प्युटर व्यवस्थित चालू आहे. बाहुल्यांच्या नाटकाचं तुझं संगीत सगळंच्या सगळं जागेवर आहे. एक सूर हरवलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

आता खाली बस आणि नीट ऐक.

मागच्या आठवड्यात तू मशीन न्यायला आलीस. न्यायच्या आधी सुरू करून पाहिलंस. नाटकाची फाइल उघडायला घेतली की पडद्यावर भराभर नावं धावायची आणि फट्कन सगळं गायब. पुन्हा सुरू केलंस, पुन्हा तेच. पुढच्या महिन्यात नाटक उभं राहायचं आणि संगीत असं कोंडलेलं. तू उठलीस. दारात चपला घालता घालता म्हणालीस, "आई, हे त्यानं मुद्दाम केलंय." आणि मशीन तिथंच टाकून निघून गेलीस.

मी "नाही" म्हणाले नाही. ते तू ऐकलंस की नाही माहीत नाही, पण मी ऐकलं. स्वतःच्या मुलाच्या बाजूनं एक शब्द तोंडातून निघाला नाही माझ्या. कारण मलाही खात्री नव्हती. तू माहेरी गेल्यापासून तो घरात पाहुण्यासारखा वावरतो, विचारलं तर दार आपटतो. रागाच्या भरात माणूस काय करेल, सांगता येतं का? आपलेच दात, आपलेच ओठ. जेवण जाईना मला.

त्याला सरळ विचारता आलं असतं. पण तो "हो" म्हणाला असता तर? मग त्याच्यासमोर रोज ताट कसं वाढलं असतं मी? म्हणून ठरवलं, आधी मशीनला विचारू.

तुझ्या त्या गिटारवाल्या मित्राला फोन लावला. तो आधी हसला. "काकू, तुम्ही?" म्हटलं, मी नाही तर काय शेजारीण? मग बिचारा फोनवर राहिला, मी चष्मा सावरत माऊस फिरवत राहिले. पहिली अट त्यानं घातली, की कशालाही हात लावण्याआधी सगळ्याची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढायची. ते झाल्यावर म्हणाला, "आता प्लगइन्सचं फोल्डर रिकामं करा." प्लगइन्स म्हणजे काय ते मला आता तुझ्याइतकंच कळतं: आवाजाला घुमारा देणारं एक, धार लावणारं एक, खरखर काढणारं एक. अशी किती गोळा केली आहेस गं! माझ्या मसाल्याच्या बरण्या परवडल्या.

सगळी बाहेर काढून ठेवली आणि फाइल उघडली, तर उघडली की! आवाज सगळे कोरडे, पण जिवंत. म्हणजे संगीत शाबूत होतं आणि बाहेर काढलेल्यांपैकीच कोणीतरी चोर होता.

पुढचं मला शिकवावं लागलं नाही. माझा मुलगा लहान असताना त्याच्या अंगावर गांधी उठायच्या, तेव्हा मी असंच केलं होतं. सगळं खाणं बंद, मग एकेक पदार्थ परत सुरू. तसं अर्धी प्लगइन्स आत ठेवली, फाइल उघडली. उरलेल्यातली अर्धी ठेवली, बंद पडली. त्यातली अर्धी काढली. असं चाळत चाळत दोन उरली, आणि दोन्ही एकाच नावाची. तुझा तो आवडता घुमारा. एक जुना, एक नवा. गिटारवाला म्हणाला, "काकू, फाइल एकाला हाक मारते आणि दोघं एकदम ओ देतात. मग गोंधळ होणारच." एका म्यानात दोन तलवारी, दुसरं काय. नवा काढला, जुना ठेवला, बाकीची सगळी परत आत घातली. फाइल उघडली आणि चालू झाली. नाटकातलं अस्वल झोपायला जातं ती धून वाजली आणि मी खुर्चीत बसून रडले.

पण नव्यावर तारीख होती. तुझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची. तू तर अर्ध्या कामात मशीनला नखही लावू देत नाहीस, तशी चिठ्ठीच चिकटवली आहेस पडद्याच्या कडेला. म्हणजे हा हात दुसऱ्याचा. मी फोन ठेवला आणि थेट मुलाच्या खोलीत गेले.

तो शर्टाला इस्त्री करत होता. म्हटलं, "तिच्या मशीनमध्ये तू काही घातलंस?"

"हो," तो म्हणाला. अगदी सहज, इस्त्री फिरवता फिरवता.

"का रे?"

"वाढदिवसाला. तिच्या त्या घुमाऱ्याची, रिव्हर्बची, नवी आवृत्ती आली होती, घेऊन टाकली. सकाळी उघडेल तेव्हा दिसेल म्हटलं. सकाळी आमचं वाजलं आणि ती गेली. मग काय सांगणार? घर सोडून चाललेल्या बाईला 'थांब, तुझं गिफ्ट राहिलं' म्हणू?"

"अरे, त्यानंच बंद पडत होतं ते. तिला वाटतंय, तू मुद्दाम केलंस."

तो बघतच राहिला माझ्याकडे. "तुला पण वाटलं?"

जळका वास आला तेव्हा दोघांनाही इस्त्रीची आठवण झाली. शर्ट गेला.

असा हा प्रकार. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण दोघी. माझा जीव भांड्यात पडला, तुझाही पडू दे. जिच्याबरोबर इतकी वर्षं काढली, तिनं आपल्याला नीच समजू नये एवढं तरी तू त्याचं देणं लागतेस.

खरं सांगू? मला वाटलं, गैरसमज फिटला, आता संसार जुळेल. तसं त्याला म्हटलंही. तर म्हणाला, "आई, तिला आवडेल म्हणून घातलं, पण तिला विचारलं नाहीच ना. ती चिठ्ठी मी रोज वाचत होतो. आमचं दर वेळी हेच होतं." त्याच्या तोंडून एवढं समंजस वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही उशिरा.

इतका वेळ घुमारे नि गांधी सांगत बसले, कारण हे लिहायचं टाळत होते. तू वकिलामार्फत पाठवलेल्या कागदांवर त्यानं काल सही केली. खोक्यात तारांच्या खाली पाकीट आहे. आदळआपट नाही, शिवीगाळ नाही. सही केली, पेनाला टोपण लावलं आणि तुझं मशीन स्वतः पुसून खोक्यात भरलं. तारा त्यानंच गुंडाळल्या आहेत. मी अडवलं नाही.

परत ये, असं मी म्हणणार नाही. माझा मुलगा चांगला नवरा झाला नाही. पण तो दुष्ट नाही, एवढं आता मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्या बळावर मी काल पोटभर जेवले.

नाटकाचं तिकीट पाठव. एकच. मी एकटीच येईन, मागच्या रांगेत बसेन, आणि अस्वल झोपलं की हमखास रडेन, तेव्हा लाजू नकोस.

आणि हो, पाकिटातले कागद मी वाचले. वाचायला नको होते, पण वाचले. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं नाव आहे, त्याचं आहे, वकिलांचं आहे. माझं कुठंच नाही. म्हणजे तुझं-माझं जे आहे ते मोडायला कोणी सांगितलेलं नाही, आणि मी तर कशावरच सही केलेली नाही.

तुझीच,
आई