टेंप फोल्डरमधले गुण

सोम. ७ मार्च २००५, मुरबाड
शेवटच्या वर्षाचे अंतर्गत गुण फुटले. जाहीर व्हायला अजून आठवडा, आणि पोरं कॅन्टीनमध्ये एकमेकांचे गुण तोंडपाठ म्हणतायत. प्राचार्यांनी बोलावलं. "सर्व्हरमधून गेले का?" म्हटलं, सर्व्हर मी बसवलाय, पासवर्ड माझ्या डोक्यात. मशीन फितूर होत नाही, माणूस होतो. त्यांना पटलं. मीही खूश.

बुध. ९
वनिताला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. गुण टाइप करायला हंगामी घेतलेली. वैशाखऱ्याहून एसटीने येते, त्याच गाडीला आमची पोरंही असतात. तेवढ्यावर प्राचार्यांनी नाव ठरवलं. जाताना लॅबच्या दारात थांबली. "सर, माझ्याकडं चारच विषय व्हते. फुटले सहाच्या सहा. बाकीचे मी कुठून आननार?"
बघतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

गुरु. १०
तिचं गणित बरोबर. सहा विषय एकत्र येतात ते एकाच जागी, माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गुणांची यादी बनवायला मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये. ती सगळे गुण टेंप फोल्डरमध्ये एका तात्पुरत्या फाइलीत ओतते, यादी छापते आणि शेवटी फाइल पुसते. शेवटी! साडेअकराला लोडशेडिंग. यूपीएसची बॅटरी गेलेली, म्हणून लाइट जायच्या आत मीच घाईघाईने मशीन बंद करतो. स्क्रिप्ट अर्ध्यात मेली की फाइल तिथेच पडून. तो फोल्डर सगळ्यांना खुला, गावच्या पाणवठ्यासारखा.
विद्यार्थ्याच्या खात्यातून शिरलो. फाइल दिसली, उघडली. सहाही विषय. अक्कल गहाण ठेवली होती का मी?

शुक्र. ११
तासाभरात दुरुस्त. फाइलीला दर वेळी नवं, कुणाला ताडता येणार नाही असं नाव. वाचायची परवानगी फक्त रूटला, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याला. मशीन मधेच बंद केलं तरी जाता जाता फाइल पुसली जाते. आधीचं नाव कायम एकच होतं. कोणी त्या नावाची लिंक मूळ गुणांच्या फाइलीकडे आधीच लावून ठेवली असती, तर माझी स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने मूळ गुणांवरच लिहीत सुटली असती. हे लक्षात आलं तेव्हा सगळी स्क्रिप्ट पुन्हा वरपासून तपासली. आता खुशाल कोणीही प्रयत्न करावा.
प्राचार्यांना सांगितलं. "झालं ना दुरुस्त? मग विषय संपला. सोमवारी संस्थेची माणसं येतायत."
आणि वनिताचं?
"तेही संपलं."
संपलं कसं? डोकं फिरलं.

रवि. १३
शहापूरच्या घरून सकाळीच गाडी काढली, वैशाखरे गाठलं. ती आणि तिची आई मोहाची फुलं वाळत घालत होत्या. सगळं सांगितलं, चूक माझी हेही. वाटलं, ऐकून हरखेल. तिचे हात थांबले नाहीत. "येष्टीत कोनी शेजारी बसत नाय माझ्या, म्हाईत हाय?" आईने पाणी दिलं. मग वनिताच म्हणाली, "तुमी तोंडी बोललात तवा माझं काम गेलं. आता लिवून द्या. तुमच्या नावानं, सही करून."
देतो म्हटलं. परत येताना स्वतःचीच लाज वाटत होती.

सोम. १४
लिहिलं, दीड पान. आजच्या मीटिंगमध्ये संस्थेच्या माणसांसमोर वाचायचं ठरवलंय. प्रत सकाळीच तिला पोस्टाने पाठवली, म्हणजे आता माघार नाही. प्राचार्यांनी वाचलं, घडी घालून माझ्याच हातात परत दिलं. "हे आत वाचणार? तुम्ही तरी कायम आहात का इथे?"
नाही, मीही हंगामीच. पण सर्व्हर माझ्याशिवाय चालवून दाखवावा कोणी. आणि नाही ठेवलं तर नाही.
दोनची मीटिंग. पावणेदोन झाले. शिपायाने आत खुर्च्या मांडल्या, सहाच. माझी त्यात नाही. उभ्याने वाचीन.