गोड्या पाण्याने धुतलेली गाडी

उरण,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. कल्पिता,

तुला आणि माझ्या नातीला, नेत्राला, बाबाचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. आईच्या गोळ्या मी स्वतः हातावर देतो, ती गिळेपर्यंत समोरून हलत नाही. तिकडे न्यूझीलंडला आता उन्हाळा ना? नेत्राला पाणी पाजत जा. ड्यूटीवर उपाशी जाऊ नकोस.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहितोय. तुझा चुलतभाऊ पियूष याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे. बरंच झालं. फोनवर तू बोलायला लागलीस की माझं सांगणं अर्धंच राहतं. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

बाय, तू तिकडून पाठवलेली गाडी काय सुंदर आहे गं! कंटेनरचं दार उघडलं आणि आत ती पांढरी दिसली, तेव्हा मी दारालाच धरून उभा राहिलो. पियूष म्हणाला, "काका, खाली बसा, नायतर तुम्हालाच क्रेननं उचलायला लागंल." यार्डातली पोरं हसली. मी लग्नातला सदरा घालून गेलो होतो. एजंट दिपेशने सगळीकडे सह्या करून घेतल्या. गाडी टोइंगवर चढवून गावात आणली तर अख्खी आळी रस्त्यावर! नीराबाई आरतीचं ताट घेऊन उभी. म्हणते, "दत्तू, गाडी हाय का नवरी?"

आता गाडी अंगणात आहे. चकचकीत आहे. आरसे लावले आहेत.

आरसे लावले असं लिहिलं, म्हणजे ते नव्हते हे तुला कळलंच असेल. दोन्ही बाजूंचे आरसे कोणीतरी काढून नेले होते. समोरचा टीव्हीसारखा पडदा उपटलेला, वायरी लोंबत होत्या. जादा चाक नाही. बांधलेले पट्टे सुटून गाडी आतल्या आत घसरली होती आणि डाव्या अंगाला पत्रा पार आत गेला होता. पियूषने कंटेनरचं सील हातात घेऊन पाहिलं, तर त्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळेना. त्याचं म्हणणं, वाटेत एका बंदरात जहाज बदललं तिथेच कोणीतरी हात मारला. एवढ्या लांबून आलेली वस्तू, आणि चोरांनी ती वाटेतच कोंबडीसारखी सोलली. मी यार्डात रडलो नाही. तू पियूषला विचार.

तू सांगितलं होतंस, "बाबा, कशालाही हात लावू नका, आधी विमावाल्यांचा माणूस येऊन बघू दे." माझ्या लक्षात होतं. मी विसरलो नव्हतो, हे तू लक्षात ठेव. पियूषने लगेच फोन केला. ते म्हणाले, माणूस परवा येईल.

आता खरं लिहितो. अंगणात आणल्यावर मी वाकून गाडीखाली पाहिलं. खालच्या लोखंडावर पांढरी रेघ. मी बोट लावून चाखलं. मीठ! कंटेनरात समुद्राचं पाणी शिरलं होतं. बाय, तू मिठागरावरच्या घरात जन्मलीस, तुला ठाऊक आहे. आगरातून फावडं आलं की माझा बाप आधी त्याच्यावर विहिरीचं गोडं पाणी ओतायचा, मग स्वतः हातपाय धुवायचा. खारं लोखंड एक रात्र जरी तसं ठेवलं तरी सकाळी लाल. माझा सगळा जन्म त्यात गेला. आणि ते मीठ परवापर्यंत तसंच ठेवायचं? माझी नजरच त्या रेघेवरून हलेना. चहा घेतला, पुन्हा जाऊन पाहिलं. जेवलो, पुन्हा पाहिलं. पियूष म्हणाला, "काका, नका हां." मी म्हटलं, फक्त खालून.

खालून धुतली, मग वरून धुतली. नीराबाईने आणखी बायका आणल्या, आतून पुसली. मग वाटलं, तू विमानातून उतरशील आणि तो चेपलेला पत्रा पाहशील, तुझं काळीज तुटेल. म्हणून चंदर डेंटरला बोलावलं. त्याने ठोकून पत्रा सरळ केला, रंगाचा हात मारला, कुठूनतरी आरसेही आणले. लोंबणाऱ्या वायरी कापून फेकल्या.

विमावाला साहेब आला. चांगला माणूस होता, सरबत घेतलं. गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "आजोबा, नुकसान कुठंय?"

मी म्हटलं, "होतं साहेब. कालपर्यंत होतं."

"मग आता काय बघू?"

पियूषने मोबाईलवर यार्डातले फोटो दाखवले. प्रत्येकात मीच मध्ये, सदऱ्यासकट. मागे काय मोडलंय ते दिसतच नव्हतं. साहेबाने लिहून नेलं की काही आढळलं नाही. हे मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं, तेवढ्यात तू ओरडलीस, तिकीट रद्द करते म्हणालीस आणि फोन ठेवलास. ओरडलीस ते बरोबरच होतं.

उरलेलं अर्धं आता सांगतो. मागच्या उतरत्या फळीवरून आईची चाकांची खुर्ची वर ओढून घेणारे ते पट्टे आणि त्यांची मोटर, तीही चोरांनी नेली. तेवढ्यासाठीच तू ही गाडी घेतली होतीस ना? बटण दाबलं की आई आपोआप आत, कोणाचा हात लागायला नको. लकवा झाल्यापासून दोन वर्षं ती उंबऱ्याबाहेर आली नाही. पियूष, शेजारची पोरं, सगळे उचलायला तयार असायचे. पण ती म्हणायची, "चौघांनी उचलून न्यायला मी काय मेले हाय?" आणि आता मोटर नाही, विमाही नाही. दोन दिवस मी गोळ्या देण्यापुरताच तिच्यासमोर गेलो, पडवीतच झोपलो.

आज सकाळी तिनेच हाक मारली. "अहो, गाडी दाखवायला पाहुणे बोलावता, मला कधी दाखवणार?"

मी सगळं सांगितलं. मोटरचंही. ती हसली गं! तोंड अजून वाकडं आहे, पण हसली. म्हणाली, "मीठ दिसलं आणि धुतलं न्हाय, असा आगरी अजून जन्माला यायचाय." मग म्हणाली, "नीराबाईला बोलवा. बाप्ये नकोत. बायका बोलवा, पाच जणी."

पाच जणी आल्या. सगळ्या तिच्याबरोबर मिठाच्या टोपल्या वाहिलेल्या. पदर खोचले, खुर्चीला हात घातला, आणि आई खुर्चीत बसून हुकूम सोडते, "दमानं! किशोरी, तुझी बाजू खाली जाते. नीरा, तुला भाकर घातली न्हाय का कोणी?" फळी वाजली, बायका हसून हसून बेजार झाल्या, आणि खुर्ची आत! मी चाक धरायला धावलो तर मलाच ढकललं, "व्हा बाजूला!"

कल्पिता, आई गाडीत बसली आहे. ऊन तिच्या तोंडावर येतंय. सकाळपासून उतरायला तयार नाही. जेवणही आतच दिलं. मी म्हटलं, पियूष चालवेल, वडापर्यंत जाऊन येऊ. तर म्हणते, "गाडी माझ्या लेकीची. चालवंल तर तीच. तवर मी हितंच बसते."

तिकीट रद्द करू नकोस, बाय. मला हवं तेवढं ओरड, पण इथे येऊन ओरड.

अंगणात गाडीच्या दाराशी उभा,
तुझा बाबा
दत्तात्रेय