पुलाखालचे दोनशे बारा शिंपले

४ फेब्रुवारी
सापडले! जिवंत! पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी, कारखान्याच्या नाल्याच्या खालच्या अंगाला. सगळे म्हणायचे, नळांना मुलामा चढवणाऱ्या त्या कारखान्यानं इथले शिंपले कधीच संपवले. आज कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गाळात हात घातला, तर तळहाताएवढा शिंपला खाडकन मिटला — माझं बोट आत! अशी काही किंचाळले की होडीतल्या मामाच्या हातून वल्हंच सुटलं.
‘साप का गं?’
‘नाही रे मामा, शिंपला!’
मग दोघं मिळून वल्ह्यामागे.

५ फेब्रुवारी
दोनशे बारा!! बोटं आखडलीत, कंबर धरलीय, पण झोप कुणाला हवीय!

८ फेब्रुवारी
पाण्याचे निकाल आले. विषारी कॅडमियम नावाला. शिसंही मर्यादेत. सांडपाणी शुद्ध करायचं कारखान्याचं यंत्र खरंच चालतंय तर! प्रयोगशाळेत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी स्वतःच्या हातानं चहा केला माझ्यासाठी. तीन वर्षांत पहिल्यांदा! ‘नदी सुधारली, हे कागदावर येणार, आणि तुझ्या सहीनं,’ म्हणाल्या. कारखान्याला दुसरा विभाग काढायचाय, त्याची सुनावणी वीस तारखेला. आमचा अहवाल तिथं जाणार.
मी घरभर सांगत सुटले. मामा म्हणाला, ‘तोंड मिटून कसं बसावं ते त्या शिंपल्यांकडून शीक जरा.’

११ फेब्रुवारी
सही केली. ‘शिंपल्यांची वस्ती निरोगी आहे.’ किती छान दिसतं ते वाक्य!

१५ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, वयंही जोड, अहवाल वजनदार होईल. झाडाच्या खोडात असतात तशा कवचावर वर्षाला एक रेघ. होडीतच भिंग लावून मोजायचं, खूण करायची, परत पाण्यात सोडायचं. पहिलाच एकतीस वर्षांचा — माझ्याहून दोन वर्षांनी मोठा! नमस्कार करून सोडला. मामा हसून हसून खोकला.

१७ फेब्रुवारी
दीडशे झाले. चौतीस, अठ्ठावीस, चाळीस! लहान अजून एकही नाही. पण पिल्लं पहिली काही वर्षं गाळात पुरूनच राहतात, वर दिसणार कशी? उद्या चाळणी नेते. नखाएवढं पिल्लू हातात घ्यायचंय मला!

१८ फेब्रुवारी
दिवसभर गाळ चाळला. खडे, काचा, एक बटण. पिल्लू नाही. गाळाचा नमुना तपासायला दिला. पाणी तपासलं होतं, गाळ तपासलाच नव्हता आम्ही.
परत येताना मामा एवढंच म्हणाला, ‘सगळी म्हातारीच आहेत गं. पाळणा हललेलाच नाही इथं.’

१९ फेब्रुवारी
गाळात कॅडमियम मर्यादेच्या चौदापट.
उरलेले शिंपलेही मोजले. सगळ्यांत धाकटा एकोणीस वर्षांचा.
कारखाना अठरा वर्षांचा.
अहवाल मागे घेतला.